कलम नऊ, सुरात

सोमवार, ४ मार्च

आज सकाळी वाचाताईने एका विधेयकाची प्रत माझ्या टेबलावर आपटली आणि म्हणाली, "आधी हे वाचा, मग चहा घ्या. उलटं केलंत तर ठसका लागेल." मी उलटंच केलं आणि ठसका लागला.

पुढेमागे कुणी आमच्या संस्थेचा इतिहास लिहिलाच तर त्याची पंचाईत नको, म्हणून सगळं नीट लिहून ठेवते. मेंदूला झटका येऊन ज्यांची वाचा गेली ती माणसं आमच्याकडे येतात. त्यांना समजतं सगळं. बोलायला गेलं की शब्द सापडत नाही, नाहीतर भलताच हाती लागतो. पण गाणं म्हणे मेंदूच्या दुसऱ्याच खोलीत राहतं आणि ती खोली शाबूत असते. म्हणून आमच्याकडे वाक्यं सुरात म्हणायला शिकवतात. डाव्या हाताने टेबलावर ठेका, एक वरचा सूर, एक खालचा: चहा-हवा, खिडकी-उघडा. हे शिकवते ती वाचाताई. मी व्यवस्थापक, म्हणजे भाडं, पंखे, भांडणं आणि बिस्किटं माझ्याकडे. आम्ही सायकल दुरुस्तीच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आहोत आणि खालचा सायकलवाला सगळ्यांना सांगतो की वर गाण्याचा क्लास चालतो, पण गाणारे अगदीच सुमार.

तर विधेयक. नातेवाईक म्हाताऱ्या माणसांचे अंगठे परस्पर उठवून घेतात, ते थांबवायचं म्हणून सरकारने हा कायदा आणलाय. हेतू चांगलाच आहे. पण कलम नऊ म्हणतं की बँक, घर, औषधोपचार, लग्न, मृत्युपत्र यांपैकी कशालाही संमती द्यायची तर ती माणसाने स्वतःच्या तोंडाने, सुस्पष्ट शब्दांत बोलून दिली पाहिजे. बोलता येत नसेल तर त्याच्या वतीने जवळचा नातेवाईक ठरवणार. म्हणजे आमची सगळी मंडळी एका ओळीत कुक्कुली बाळं होऊन बसणार.

मी हे सगळ्यांना वाचून दाखवलं. माझा मोठा भाऊ, दादा, तोही आमच्याकडेच येतो. जन्मभर फुलबाजारात लिलाव पुकारला त्याने. आवाज असा, की गाडीवानांचे बैल बुजायचे. झटका आल्यावर सगळे शब्द गेले आणि एकवार, दोनवार, तीनवार एवढेच उरले. भूक लागली तरी एकवार, रागावला तरी तीनवार. त्याच्या शेजारी हेडबाई बसतात. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्याकडे एकच शब्द शिल्लक राहिलाय: बसा. त्या तो अशा काही म्हणतात की उभा माणूस बसतोच.

दादाने प्रत ओढून घेतली आणि त्या यादीतल्या लग्नावर बोट ठेवलं. मी म्हटलं, "अरे ते लग्नाबिग्नाचं आपल्याला काय, बँकेचं बघ." त्याने बोट तिथेच ठेवलं. त्याला वाचायलाही जरा जड जातं हल्ली.

मला स्वतःला म्हणाल तर काही फरक पडत नाही. मी आहेच. दादाच्या मनातलं त्याच्याआधी मला कळतं. पण ज्यांना माझ्यासारखी बहीण नाही त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी लढायलाच पाहिजे. लढायचं कसं ते अजून माहीत नाही, पण अंगात नुसतं वारं शिरलंय.

बुधवार, ६ मार्च

आमच्या भागाच्या आमदारांना भेटून आले. वाचाताई, दादा आणि मी. बाहेरच्या खोलीत इतकी माणसं की एका खुर्चीवर आम्ही पाळीपाळीने बसलो.

आमदार माणूस वाईट नाही, पण खट. हे विधेयक त्यांचंच लाडकं निघालं. त्यांच्या आईचा अंगठा एका पुतण्याने उठवला होता आणि तिला शेवटची वर्षं भाड्याच्या घरात काढावी लागली. ते सांगताना त्यांचा आवाज कापला. मग डोळे पुसून म्हणाले, "खुणा मानल्या की पुतणे आलेच. बोललं पाहिजे माणसाने."

मी म्हटलं, साहेब, कलमात फक्त एवढंच घाला: 'किंवा खुणेने, लिहून, सुरात, अथवा त्या व्यक्तीला जमेल त्या मार्गाने.' त्यांनी दादाला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" दादाने टेबलावर डावा हात ठेवला. त्याला म्हणायचं होतं की आमचाही विचार करा, तसं मी सांगून टाकलं, कारण बाहेर माणसं खोळंबली होती. आमदार दादाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वीस तारखेला समितीपुढे सुनावणी आहे. तिथे या. पण माझा विरोध राहील."

परतताना जिन्यात दादा "तीनवार, तीनवार" करत होता. आमदारांवर चिडला असणार, बिचारा.

शनिवार, ९ मार्च

सुनावणीच्या तयारीने दादाचा कायापालट झालाय. आज निळा कडक इस्त्रीचा शर्ट, अत्तर, आणि मिशीला चक्क कात्री लावलेली. मी न्यायला जायच्या आत स्वतःच संस्थेत पोचला. हेडबाईही लवकर आल्या होत्या. दोघं खिडकीजवळ बसून ठेका धरत होते. केवढी ही सामाजिक तळमळ. माझे डोळेच भरून आले.

घरी यांना सांगितलं तर हे पेपरमागून म्हणाले, "अगं, अत्तर लावून कुणी समितीची तयारी करतं का?" मी म्हटलं, माणसाला समोरच्यावर छाप पाडायची असते. हे म्हणाले, "तेच म्हणतोय." आणि पेपरमागे हसत बसले. यांना कशाचं गांभीर्य नाही.

मंगळवार, १२ मार्च

समितीचे कक्ष अधिकारी भेटले. हा माणूस नियमांवर जगतो आणि त्यावर त्याचं वजनही वाढलंय. मी म्हटलं की आमची माणसं निवेदन गाऊन देतील. त्यांनी चष्मा काढला. "समितीच्या खोलीत गाणं, घोषणा, टाळ्या आणि खाद्यपदार्थ यांना मनाई आहे."

"हे गाणं नाही हो, बोलणंच आहे."

"चाल आहे का?"

"आहे."

"मग गाणं."

मी म्हटलं, "तुम्ही 'चाल आहे का' विचारलंत त्यालाही चाल होती, प्रश्न विचारताना तुमचा सूर वर गेला." त्यांनी स्वतःशीच दोनतीनदा पुटपुटून बघितलं, चाल आहे का, चाल आहे का. मग सहकाऱ्याला बोलावलं, त्याने ऐकून सांगितलं की हो साहेब, जाते वर. शेवटी दोघांनी मिळून तोडगा काढला. इतिवृत्तात नोंद होईल ती 'निवेदन (सुरात)' अशी. टेबलावर ठेका धरायलाही परवानगी मिळाली, पण 'माफक'.

मी रस्त्याने अक्षरशः उड्या मारत आले. या वयात. सायकलवाल्याने विचारलं, मॅडम, लॉटरी लागली का? मी म्हटलं, त्याहून मोठं.

शुक्रवार, १५ मार्च

दादासाठी मी वाक्य तयार केलंय: 'माझा निर्णय मीच घेणार.' वाचाताईने त्याला सोपी चाल लावली, वर-खाली-वर. आठवडाभर घोटून घेतेय.

आज दुपारी दाराशी गेले तर आत दादा आणि हेडबाई सराव करत होते. ठेका वेगळाच. वाक्य लांबलं होतं आणि मध्येच हेडबाई खुदकन हसल्या. मी दार उघडून म्हटलं, "दादा, अरे चुकतोयस. मा-झा निर्-णय." दोघंही शाळेत कॉपी करताना सापडल्यासारखे सरळ बसले. मग मी त्याच्याकडून माझं वाक्य तीनचारदा म्हणून घेतलं. त्याने म्हटलं, अगदी मान खाली घालून.

वाचाताई मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, त्यांना त्यांचं काही म्हणायचं असेल तर?" मी म्हटलं, अगं, हेच तर त्याचं आहे. भिंतीवर 'वाट बघा, वाक्य त्यांचं आहे' ही पाटी कुणी लिहिली? मीच ना? तिने पाटी पुन्हा एकदा वाचली. तरुण मुलींना वाटतं आम्हाला काही कळत नाही.

मंगळवार, १९ मार्च

उद्या सुनावणी.  आमदार उलटसुलट विचारणार. दादा घाबरला आणि त्याच्या तोंडून एकवार-दोनवार निघालं तर सगळं हसण्यावारी जाईल आणि कलम नऊ आहे तसं मंजूर होईल. मग आमच्या वीस-पंचवीस माणसांना आपल्या घराचं, औषधाचं, कशाचंच काही म्हणता यायचं नाही. मी उद्या दादाच्या अगदी शेजारी बसणार आहे. अडलाच तर मी आहे.

मघाशी त्याचा निळा शर्ट मी परत इस्त्री करून आले. त्याने आधीच केली होती. तरी मी केलीच.

बुधवार, २० मार्च

कुठून सुरू करू? हसूही येतंय आणि रागही. क्रमाने लिहिते.

समितीची खोली म्हणजे लांबलचक टेबल, हिरवं कापड, झाकण घातलेले पाण्याचे ग्लास, आणि थंडी अशी की बर्फाच्या कारखान्यात आल्यासारखं वाटावं. प्रत्येकापुढे माईक, त्यावर लाल दिवा. एका टोकाला अध्यक्ष, पांढऱ्या भुवयांचे, झोपल्यासारखे दिसणारे पण नसलेले. त्यांच्या डावीकडे आमचे आमदार. कोपऱ्यात कक्ष अधिकारी, पेन सरसावून. आमच्या बाजूला वाचाताई, मी, दादा आणि त्याच्या पलीकडे हेडबाई.

वाचाताई छान बोलली. मेंदू, सूर, ठेका, सगळं समजावलं. मग आमदारांनी आईची गोष्ट सांगितली आणि खोलीतली हवाच बदलली. ते म्हणाले, "उद्या कुणीही म्हाताऱ्याला चार सूर शिकवेल आणि घर लिहून घेईल. ही माणसं जे गातात ते शिकवलेलं नाही, कशावरून?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण शिकवलं होतं. मीच, आठवडाभर, घोटून घोटून.

अध्यक्ष दादाकडे वळले. "तुम्ही सांगा. तुम्हाला हा बदल कशासाठी हवाय?"

"त्यांना म्हणायचंय की—" मी सुरुवात केली.

"ताई," अध्यक्ष म्हणाले, "प्रश्न त्यांना आहे."

मी ओठ मिटले. दादाने डावा हात टेबलावर ठेवला आणि ठेका धरला. माईक इतका जवळ होता की सगळ्या खोलीत ढप, ढप, ढप घुमायला लागलं. कक्ष अधिकाऱ्यांनी 'माफक' असं ओठांनी दाखवलं. दादाने डोळे मिटले. किती वेळ गेला कोण जाणे, मला तर वर्षं गेल्यासारखं वाटलं. जिभेच्या टोकावर 'माझा निर्णय' आलं होतं. मी टेबलाखाली स्वतःलाच चिमटा काढला.

आणि मग तो गायला. वर, खाली, वर, वर.

"म-ला लग्-न क-रा-य-चंय. हि-च्या-शी."

आणि उजव्या हाताने, ज्या हातात अजून जोर नाही त्या हाताने, त्याने हेडबाईंकडे बोट केलं.

हेडबाईंनी पदर नीट केला, आपला ठेका धरला आणि गायल्या, "मा-झा हो-कार."

मी ताडकन उभी राहिले. "काय? कधी? कुणी ठरवलं हे?" माझ्या तोंडून विधिमंडळाच्या समितीसमोर हे शब्द गेले आणि ते इतिवृत्तात आहेत.

हेडबाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "बसा."

मी बसले. माझ्याबरोबर एक उपसचिवही बसले, ते बिचारे पाण्याचा ग्लास घ्यायला उठले होते.

पहिले हसले ते अध्यक्ष. मग सगळं टेबल. हसू ओसरल्यावर अध्यक्ष आमदारांना म्हणाले, "तुमच्या शंकेचं उत्तर या ताईंच्या चेहऱ्यावर आहे. हे यांनी शिकवलेलं नाही, एवढं मी शपथेवर सांगतो."

पण आमदार खट ते खटच. त्यांनी पुढे वाकून दादाला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, "तुमच्या बहिणीची परवानगी आहे का याला?"

पुन्हा ढप, ढप. पुन्हा ती वाट बघणं. दादाने आधी माझ्याकडे बघितलं, मग आमदारांकडे.

"ला-ग-त ना-ही."

आमदारांनी पेन खाली ठेवलं.  मग म्हणाले, "माझ्या आईला असं विचारायला हवं होतं कुणीतरी. आणि थांबायला हवं होतं." त्यांनी विरोध मागे घेतला. समितीने आमचा बदल एकमताने सुचवला.

म्हणजे आम्ही जिंकलो. आणि कशामुळे, तर मला काही माहीत नव्हतं म्हणून. समितीच्या इमारतीबाहेर सगळे नाचत होते, वाचाताईने तर कक्ष अधिकाऱ्यांनाच मिठी मारली आणि ते नियम शोधत राहिले. मी मात्र बाकावर बसून होते. आनंद झाला होता, मरणाचा आनंद झाला होता, आणि कुणीतरी सणसणीत थोबाडीत दिल्यासारखंही झालं होतं.

गुरुवार, २१ मार्च

अंगाचा तिळपापड होतोय. सगळ्यांना माहीत होतं. वाचाताईला माहीत होतं. यांना अत्तरावरूनच कळलं होतं. सायकलवाला म्हणतो, "मॅडम, ते दोघं जिन्यात हातात हात घालून बसतात, मी पंक्चर काढताना रोज बघतो. मला वाटलं तुम्हीच जमवलंत." मीच जमवलं. मी.

तरातरा दादाकडे गेले. दार उघडल्या उघडल्या सुरुवात केली. कधीपासून? मला का नाही सांगितलं? हेडबाईंच्या मुलीला ठाऊक आहे का? राहणार कुठे? तुमची दोघांची औषधं कोण बघणार? जन्मभर लग्न केलं नाहीस आणि आता? त्याने सगळं ऐकून घेतलं. डाव्या हाताने चहा केला. कप माझ्यापुढे ठेवला. मग माझ्यासमोर बसून टेबलावर ठेका धरला. मी मध्ये दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा त्याने हात वर केला.

"तू थां-बत ना-हीस."

एवढं एक वाक्य. त्याला किती कष्ट पडले ते कपाळावर दिसत होतं.

मी चहा तसाच ठेवून रडले. लहानपणी त्याच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून रडायचे तशी. आमदारांच्या घरी त्याने टेबलावर हात ठेवला होता, तो गाणार होता. जिन्यातलं तीनवार माझ्यावर होतं. आणि कलम नऊ आहे तसं आलं असतं तर दादाच्या लग्नाला हो की नाही, हे कुणी ठरवलं असतं? जवळच्या नातेवाइकाने. मी. आणि मी नाही म्हटलं असतं. खुशाल, त्याच्या भल्यासाठी, एका दमात.

हे लिहिताना सुद्धा लाज वाटते. पण वही माझी आहे, खोटं कुणासाठी लिहू.

शनिवार, २३ मार्च

आज हेडबाईंकडे गेले. थांबले. नुसती थांबले. त्यांनी सगळं सांगितलं, सुरात, मध्ये मध्ये हसत. पहिल्याच दिवशी दादा वर्गात आला, त्या त्याला बसा म्हणाल्या, आणि तो बसला नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बसलं नाही. उभ्या उभ्याच त्यांच्याकडे बघून म्हणाला, "एकवार." तिथून सुरू झालं.

त्यांच्या मुलीने फोनवर आधी कपाळाला हात लावला, मग विचारलं, काका चांगले आहेत का? हेडबाईंनी तिला दादाचं वाक्य म्हणून दाखवलं, ला-ग-त ना-ही. मुलगी फोनवरच खिदळायला लागली.

ऐकायला पूर्ण दुपार गेली. मला वाटलं होतं अशाने वेळ वाया जातो. उलट मी किती वर्षांत इतकं हसले नव्हते.

गुरुवार, २८ मार्च

आज अधिवेशनाचा शेवटचा दिवस. समितीने सुचवलेला बदल सभागृहाने घेतलाच पाहिजे असं नसतं, हे मला आज कळलं. कळलं तेव्हा आम्ही सगळे प्रेक्षक कक्षात आधीच बसलो होतो. खाली एका पुलाला कोणाचं नाव द्यायचं यावर तासन्‌तास भांडण. आमचं विधेयक सगळ्यात शेवटी. अर्धे सदस्य घरी जायच्या घाईत. दोनतीन जण उठून म्हणाले की गाऊन संमती म्हणजे पोरखेळ आहे, जुनंच कलम ठेवा. दादा आणि हेडबाई शेजारी बसले होते, हात हातात. मी बघितलं आणि नुसती बघत राहिले.

आमचे आमदार उठले. लांबलचक भाषण करतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "हे विधेयक मी आईसाठी आणलं. हा बदलही आईसाठीच हवा आहे." आणि बसले.

मतदान आवाजी होतं. पीठासनावरून सांगितलं, बदलाला अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. होय आलं. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. नाही पण आलं, आणि बऱ्यापैकी जोरात आलं. माझा जीव टांगणीला. मग आवाज आला, "होयचे बहुमत. होयचे बहुमत."

आणि वरून, प्रेक्षक कक्षातून, फुलबाजाराचा तो जुना दणदणीत आवाज, "तीनवार!"

संपूर्ण सभागृहाने वर बघितलं. सुरक्षा रक्षक धावत आले. पीठासनावरचे अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाले, "प्रेक्षक कक्षात शांतता राखावी." मग थोडं थांबून, "लिलाव संपला आहे. बदल मान्य." खाली बाकं वाजली. आमची सगळी मंडळी डाव्या हाताने गुडघ्यावर ठेका धरून बसली होती, टाळ्यांना मनाई म्हणून. रक्षक आमच्याकडे बघत बसला. ठेक्याबद्दल त्याला नियम सापडेना.

येताना मी यांच्या गळ्यात पडले, भर फूटपाथवर. हे म्हणाले, "अगं, लोक बघतायत." बघू देत.

सोमवार, १७ जून

सही होऊन, राजपत्रात येऊन, नवा कायदा लागू झाला. आज दादाचं लग्न.

नोंदणी कार्यालयातल्या बाई तरुण, केस घट्ट बांधलेले, टेबलाच्या काचेखाली नवं परिपत्रक नीट सरकवून ठेवलेलं. त्यांना पहिल्यांदाच या कलमाने लग्न लावायचं होतं, त्यामुळे त्या आमच्यापेक्षा जास्त घाबरलेल्या. वाचाताई आली होती, सायकलवाला दुकान बंद करून आला होता, आमदारांनी भलामोठा गुच्छ पाठवला होता. कक्ष अधिकारी स्वतः हजर होते. म्हणाले, "बघायला आलोय, माफक ठेका असतो की नाही ते."

बाईंनी दादाला विचारलं. दादाने ठेका धरला. सगळं कार्यालय थांबलं. बाजूच्या खिडकीत जन्माचा दाखला घ्यायला आलेली रांगसुद्धा थांबली. त्याने गाऊन सांगितलं. मग हेडबाईंनी सांगितलं, आणि शेवटी दोघांनी मिळून एक ओळ म्हटली जी आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. ती इथे लिहीत नाही, ती त्यांची आहे.

मग बाई माझ्याकडे वळल्या. पहिली साक्षीदार मी. "हे दोघं स्वखुशीने लग्न करत आहेत, अशी तुम्ही साक्ष देता का?"

मी तोंड उघडलं. मी, जिची तक्रार अख्ख्या घरादाराने केली की ही श्वास घ्यायला थांबत नाही. काल आरशासमोर छानपैकी दोन वाक्यं तयार केली होती. पण दादा माझ्याकडे बघत होता, निळ्या शर्टात, आणि मला शब्द कुठेच सापडेना. हो सुद्धा सापडेना. ओठ हलले, आवाज नाही.

मला वाटलं हे बोलतील माझ्याऐवजी. हे बोलले नाहीत. वाचाताई बोलली नाही. हेडबाईंनी नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला. दादाने टेबलावर डाव्या हाताने हळू ठेका धरला, माझ्यासाठी, आणि वाट बघत राहिला. कुणाला म्हणून घाई नव्हती.

शेवटी मी मान हलवली. वर, खाली. गाल ओले झाले होते.

नोंदणीच्या बाईंनी काचेखालच्या परिपत्रकावर बोट फिरवलं, मग माझ्याकडे बघून हसल्या. "चालतं, ताई. कलम नऊ आहे ना." आणि लिहून घेतलं: साक्षीदाराची साक्ष, मानेने.